मास्तरांचे दात

किसन मास्तर ऊस खायचे नाहीत. बीड जिल्ह्यात जन्म काढून उसाच्या कांडीला तोंड न लावणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. सुपारी नाही, भाजलेलं कणीस नाही, फुटाणेसुद्धा नाहीत. लग्नातला लाडू कडक निघाला तर तो आमटीत बुडवून खायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "हसू नगंस. लई ग्वाड लागतंय."

पाटोद्याच्या बाजारतळावर माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. समोर एक लिंब होता. रोज सकाळी मास्तर त्याची कोवळी काडी मोडून अर्धा-अर्धा तास दात घाशीत बसायचे. एकदा मी म्हणालो, "मास्तर, घोड्याच्या बाजारात उभं राहायचंय का? इतके कशाला घासता?"

त्यांनी चूळ भरली आणि वरचे दात दाखवले. पांढरे, सरळ, एकही किडका नाही.

"अप्पा, तुमच्या दुकानाला शटर हाय. माझं दुकान हे."

मास्तरांचा बँड होता. अकरा माणसं, ढोल, ताशा, दोन ट्रंपेट आणि मास्तरांची स्वतःची क्लॅरोनेट. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दात हलला की सूर हलतो, दात गेला की वाजवणारा संपला. हे मला त्यांनीच समजावून सांगितलं आणि मी ते पुढं साऱ्या मुलखाला सांगितलं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, एसटीतल्या शेजाऱ्यांना, बहिणीच्या सासरी जेवताना. लाडू आमटीत बुडवायची नक्कल मी फार छान करायचो. लोक पोट धरून हसायचे. गोष्ट रंगवून सांगायची खोड मला पहिल्यापासून आहे. तिची लाज वाटायला मात्र एक दिवस यावा लागला.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भोंग्यामुळं. त्या वर्षांत आमच्याकडंही वारं फिरलं होतं. बाजारतळावर एसटीडीचं बूथ आलं, थंड पेयाच्या बाटल्यांनी भरलेली काचेची कपाटं आली, बागायतदारांच्या घरांवर डिशची ताटं बसली. लग्नात नुसता बँड चालेना, हातगाडीवर ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि दोन भोंगे लागायला लागले. मास्तरांचा ॲम्प्लिफायर फार नाठाळ होता, माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. म्हणून मोठ्या लग्नात मीही गाडीबरोबर जायचो. माझे वडील कपाळाला हात लावायचे. लिंगायत वाण्याचा पोरगा मातंगांच्या बँडची गाडी ढकलतो, ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत पाहुण्यांपासून लपवून ठेवली. गळ्यातल्या लिंगापुढं सगळी माणसं सारखी, हे मला शिकवलं होतं त्यांनीच.

मास्तर उंच, काळे, काटकुळे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडा, डोक्यावर टोपी. कोटाला इस्त्री स्वतः करायचे, तांब्यात निखारे घालून. "ए वाजंत्र्या" अशी हाक आली की ऐकू न आल्यासारखं करायचे. दुसऱ्यांदा आली की क्लॅरोनेट पेटीत ठेवायचे. तिसऱ्यांदा आलेली मी एकदाच ऐकली. नवरदेवाचा मामा होता, प्यालेला होता. मास्तरांनी त्याच्या अशी कानफटात मारली की त्याचा फेटा ताशेवाल्याच्या गळ्यात जाऊन पडला.

उगाच देवमाणूस रंगवत नाही. मास्तरांचा हात वाईट होता. शंकर नावाचा ट्रंपेटवाला एका वाड्यापुढं टोपी काढून, पायातल्या चपला काखेत मारून वाकला. रीत होती तशी. मास्तरांनी तिथं बाजा पुरा केला. पाटोद्याला उतरल्यावर पेटीनं त्याला असा हाणला की कानातून रक्त आलं. मग त्यालाच खांद्यावर टाकून डॉक्टरकडं नेलं आणि दिवसभर उपाशी त्याच्या उशाशी बसून राहिले. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. मी तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, "वाकायची सवं माराबिगर जात न्हाई अप्पा. मला म्हाईत हाय. माझी तशीच गेली."

त्यांचा एक नियम होता, आधी पंगत, मग बाजा. बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या कडंला, वरून वाढायची पद्धत होती. मास्तर सुपारी घेतानाच सांगायचे की माझी माणसं मांडवात बसून जेवतील. लोक हो म्हणायचे आणि ऐन वेळी विसरायचे. कड्याच्या अलीकडं एका बागायतदाराच्या घरी असंच झालं. मुहूर्त टळायला आला, नवरदेव घोड्यावर चढून बसला आणि बँड मांडवाच्या दारात हाताची घडी घालून उभा. बागायतदाराचा भाऊ काठी घेऊन धावला. मास्तरांनी ती वरच्यावर धरली आणि म्हणाले, "मारा की. पर मारून झाल्यावर बी पंगतच मागंन."

भटजींनी घड्याळ दाखवलं, बायका रडायला लागल्या, शेवटी मांडवात एक पट्टी अंथरली गेली. अकरा माणसं आणि मी. वाढणाऱ्यांच्या हातात वाटीपेक्षा राग जास्त होता. मास्तर सावकाश जेवले, लाडू बुडवून, आणि मग त्यांनी असं वाजवलं की त्याच बागायतदाराची म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

परतताना आष्टीच्या रस्त्यावर आमच्या टेम्पोला दोन जीपगाड्या आडव्या आल्या. ढोलाच्या कातड्यात सुरे घातले. शंकरचा हात मोडला, ताशेवाल्याच्या मांडीत सुरा गेला, माझ्या पाठीत दगड बसला. टेम्पोत रक्ताचा वास भरला होता. मास्तरांनी ताशेवाल्याची मांडी आपल्या लाल कोटानं आवळून बांधली आणि त्याला विचारलं, "बे, पंगतीत काय काय व्हतं सांग." तो कण्हत कण्हत पदार्थ मोजायला लागला, बुंदी, वांग्याची भाजी, भात. पाटोदा येईपर्यंत मास्तरांनी त्याला झोपू दिलं नाही.

त्याच टेम्पोत त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

त्यांचे वडील गावच्या मारुतीपुढं सनई वाजवायचे. घराण्याचं काम, नाही म्हणायची सोय नाही. पहाटे देवाला उठवायची एक चाल होती. ती वाजवायची ती पाराच्या खाली, मातीत बसून. पायरीला पाय लावायचा नाही. एका जत्रेत त्यांना ताप भरला होता. तरी घरातून ओढून आणलं. चाल अर्ध्यावर आली आणि सनई तोंडातून गळाली. देवाची चाल मधेच तुटली, गावावर अरिष्ट येणार, म्हणून चारचौघांनी तिथंच लाथांनी तुडवलं. मास्तर तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचे. पडलेली सनई उचलून त्यांच्या हातात कोंबली, उरलेली चाल तू पुरी कर म्हणाले. त्यांनी ती पुरी केली नाही. सनई घेऊन वेशीबाहेर पडले ते पडलेच. एका पेन्शनीतल्या लष्करी बँडवाल्याच्या घरी पाणी भरून क्लॅरोनेट शिकले.

"सनई गुलामाची अप्पा," ते म्हणाले, "क्लॅरोनेटचं तसं न्हाई. तिला गाव नसतंय."

ती सनई त्यांच्या घरात आढ्याला फडक्यात गुंडाळून टांगलेली होती. कुणी तिला हात लावत नसे.

गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावात माझी बहीण दिलेली आहे.

तिथं मास्तरांचा भाऊ राहायचा, वेशीबाहेरच्या वस्तीत. त्याचा थोरला मुलगा दिलीप एसटीत कंडक्टर लागला आणि त्याचं लग्न ठरलं. बँड अर्थातच काकाचा. त्या गावाची एक रीत होती. वस्तीतली वरात वेशीतून आत आली की मारुतीचा पार ओलांडेपर्यंत बाजा बंद आणि नवरदेव पायी. दिलीप म्हणाला, मी घोड्यावरून जाणार. मास्तर म्हणाले, मी वाजवत जाणार. ती वर्षंही तशीच होती. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा धुमसत होता, कुठल्या गावात कधी काय पेटेल सांगता येत नव्हतं.

वैशाखातली दुपार, चारचा सुमार. वेशीत एक म्हातारा पुढं आला.

"मास्तर, हितनं म्होरं बंद."

मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडातून काढली. "कावून?"

"कावून म्हंजे? रीत हाय."

"रीत माझ्या बापाला व्हती. त्यो मेला."

आणि पुन्हा वाजवायला लागले. चाळीसेक पावलं आम्ही गेलो असू. पहिला दगड ढोलावर पडला. मग पारावरनं माणसं उतरली. कुऱ्हाडीचे दांडे होते, सायकलच्या चेन होत्या. दिलीपला घोड्यावरून पाय धरून ओढला, त्याचं बाशिंग धुळीत तुडवलं. घोडं बुजून एका म्हातारीच्या अंगावर गेलं. शंकरच्या त्याच हातावर दांडा बसला, तो कुत्र्यासारखा ओरडला. आणि मी गाडीखाली शिरलो. बॅटरीच्या तारा धरून बसलो, जणू त्या सोडवणं हेच त्या घडीचं सगळ्यात निकडीचं काम.

तिथून सगळं दिसत होतं. तिघांनी मास्तरांना धरलं. चौथा एक तरणा पोरगा. त्याच्या लग्नात गेल्याच वर्षी, नवरीच्या गावी, मास्तरांनी वाजवलं होतं. त्यानं मास्तरांच्या हातातली क्लॅरोनेट हिसकावून घेतली.

"हेचं दुकान दातात हाय म्हणं," तो ओरडला. "बंद करू आज दुकान!"

आणि क्लॅरोनेट उलटी धरून तोंडावर हाणली. एकदा, दोनदा. मग मी मोजलं नाही. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मास्तर ओरडले नाहीत. तोंडात रक्त भरल्यावर ओरडता येत नाही.

दुकान दातात आहे, हे त्या गावाला कुणी सांगितलं होतं? मी. बहिणीच्या ओसरीवर, लाडवाची नक्कल करून. तो पोरगा माझ्या दाजींचा चुलतभाऊ. पहिल्या पंगतीत तोच सगळ्यात जास्त हसला होता.

त्याच संध्याकाळी दाजी माझ्या दुकानात आले. बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "अप्पा, तुझी भन आमच्या घरात हाय, एवढं ध्येनात ठिव."

मी ध्यानात ठेवलं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी सांगितलं की मी गाडीखाली बॅटरी बघत होतो, मला काही दिसलं नाही. मास्तरांच्या समाजाबाहेरचा साक्षीदार मी एकटाच होतो. ॲट्रॉसिटीची केस बीडला उभी राहिली आणि बसली. मी भेकड होतो. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मास्तर दीड महिना दवाखान्यात होते. जबडा तारेनं बांधलेला. वरचा एकही पुढचा दात उरला नव्हता. मी भेटायला गेलो तर त्यांनी हातानंच बसायला सांगितलं. जबाबाचं त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. विचारायची माझ्यात हिंमत नव्हती.

घरी आल्यावर ते पुन्हा सकाळचे लिंबाखाली येऊन बसायला लागले, तोंडावर उपरणं धरून. बोलले तर शब्दाऐवजी हवाच जास्त यायची. सवयीनं काडी मोडायचे, तिच्याकडं बघायचे आणि टाकून द्यायचे. मी दुकानात पाठ करून बसायचो. बीडहून कवळी करून आणली. ती घालून क्लॅरोनेट तोंडाला लावली तर किंचाळल्यासारखा आवाज निघाला आणि कवळी घसरून जिभेवर आली. त्यांनी ती काढून रस्त्यावर फेकली. बाजारचा दिवस होता, मालट्रक येत होता. चाक गेल्यावर तिथं नुसता गुलाबी भुगा राहिला. बँडमधली माणसं एकेक करून पांगली.

पुढचं मला त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी सांगितलं. दिलीपचा धाकटा भाऊ बबन, त्याचंही लग्न ठरलं. मुलीकडचे म्हणाले, वरात नको, देवळात उरकू. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. सरूबाईंनी स्टुलावर चढून आढ्याचं फडकं सोडलं आणि सनई त्यांच्यापुढं ठेवली. सनईला दात लागत नाहीत, ती ओठांवर वाजते. म्हातारे वाजवणारे बोळक्या तोंडानंच वाजवतात. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण ते संतापले. सनई लाथाडायला पाय उचलला.

सरूबाई म्हणाल्या, "मामंजीनं बसून वाजिवली. तुमी हुभं ऱ्हाऊन वाजवा."

मास्तरांनी पाय खाली घेतला.

सात-आठ महिने त्यांचे ओठ सुजलेले असायचे. फुटायचे, खपली धरायची, पुन्हा फुटायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानात आले.

"अप्पा, उद्या गाडी नगं. सनईला भोंगा लागत न्हाई."

"मग माझं काय काम मास्तर?"

"काम न्हाई. नुसतं या."

गेलो. कसा गेलो, माझं मला ठाऊक. वेशीत दोन पोलीस उभे होते, बाटलीतलं थंड पीत. या वेळी बँड नव्हता. शंकर वाकड्या हातानं ताशा वाजवत होता आणि पुढं मास्तर, रक्ताचे डाग कधीच न गेलेला तोच लाल कोट घालून. मागं घोड्यावर बबन, भीतीनं पांढरा पडलेला. वेशीतून आत शिरताच मास्तरांनी सनई तोंडाला लावली.

सिनेमाचं गाणं नव्हतं ते. वेशीतल्या म्हाताऱ्यानं पहिल्यांदा ओळखलं, त्याच्या हातातली चिलीम तशीच राहिली. पहाटेची चाल. देवाला उठवायची. पस्तीसेक वर्षं त्या गावात ती कुणी वाजवली नव्हती. भर दुपारी, उभ्यानं, देवाकडं नाही तर नवरदेवाकडं तोंड करून मास्तर ती वाजवत पाराकडं उलट्या पावलानं चालले होते.

माणसं पारावरून उठली, पण उतरेनात. देवाच्या चालीवर दगड कसा मारायचा, हा घोळ झाला असावा. मग कुणाला तरी युक्ती सुचली. मारुतीच्या देवळात आरतीला वाजवायला विजेवर चालणारा नगारा आणि घंटा होती. नवीच निघालेली वस्तू. ती मीच बसवून दिली होती. कुणीतरी बटण दाबलं आणि सगळं गाव दणाणलं. सनई बुडाली. मास्तरांचे गाल फुगलेले दिसत होते, आवाज येत नव्हता. देवाची चाल ऐकू येईना तसे दगडही सुरू झाले. एक मास्तरांच्या कपाळावर बसला. ते गुडघ्यावर आले. पण गुडघा मातीला टेकायच्या आत पुन्हा उठले. सनई तोंडातच होती.

मी काही शूर नाही. पण त्या मशीनची तार भिंतीतून कुठं जाते, हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं गावात कुणालाच नव्हतं. देवळामागं गेलो आणि दोन्ही हातांनी तार ओढली. ठिणगी उडाली, नगारा थांबला. पाठीत दांडा बसला. वळून बघितलं तर दाजी. त्यानंतर चार दिवाळ्या माझी बहीण माहेरी आली नाही.

नगारा थांबला आणि सनई जिथं असायला हवी होती तिथंच होती. तुटली नव्हती. त्यांच्या वडिलांच्या तोंडातून जिथं गळाली होती त्याच्या पुढची चाल आता गाव ऐकत होतं. पोलिसांनी शेवटी बाटल्या खाली ठेवल्या आणि उगाच काठ्या आपटल्या. दोन-चार दगड आले, एक शंकरच्या ताशावर, एक घोड्याला. बबन उतरला नाही. पार मागं पडला, चाल पुरी झाली.

मास्तर आता नाहीत. नंतरही ते कित्येकदा भेटले, आजारपणात भेटले, पण मला आठवतात ते तिथले, पाराच्या पलीकडचे. कपाळावरचं रक्त भुवईवरून गालावर, गालावरून सनईच्या पितळी तोंडावर ठिबकत होतं. मी पाठ धरून लंगडत त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा, उपरणं न धरता, भर रस्त्यात तोंड उघडून हसले. वरच्या ओठामागं काही नव्हतं. नुसत्या लाल हिरड्या.

"अप्पा," ते म्हणाले, "आज बॅटरी बगितली न्हाई का?"

जबाब त्यांना ठाऊक होता. पहिल्या दिवसापासून. त्यांनी सनईची पत्ती कोटाच्या बाहीला पुसली, पुन्हा ओठात धरली, आणि नवरीच्या मांडवाकडं वाजवत निघाले.